मॅडमच्या तोंडात मी घातलेलं एक वाक्य

मला ब्लड कॅन्सर झाला तेव्हा माझं वय तेवीस होतं आणि माझ्याकडं एक्केचाळीस माणसांचे आवाज होते. आवाज म्हणजे नकला. सरपंच, बँकेतला कॅशियर, पीटीचे सर, ग्रामसभेत झोपेतून उठून विरोध करणारे एक आबा, मार्केटात टोमॅटोचा लिलाव पुकारणारा माणूस. गावात मला भोंगा म्हणतात. खरं नाव संदीप, पण ते फक्त केसपेपरवर चालतं. कॉलेज संगमनेरला केलं, तेही प्रिन्सिपलची नक्कल करत करतच. त्यांनी एकदा दाराआडून ऐकली आणि मला बोलावून एवढंच विचारलं की मी खरंच एवढा खाकरतो का.

हे लिहायला मला हॉस्पिटलमधल्या समुपदेशक ताईंनी सांगितलं. नव्या पेशंटला, त्याच्या घरच्यांना वाचायला होईल म्हणाल्या. मी म्हटलं, हसवून लिहितो. तसं चालूही केलं होतं. पण ह्या आजारात माझ्या हातून एक चूक झालीय आणि ती सांगितल्याशिवाय बाकीचं सांगण्यात अर्थ नाही. मी जगतो का मरतो हे ठरायच्या आधीच आमच्या घरात एक प्रश्न येऊन बसला होता, हे कुणामुळं झालं? त्यातून एका माणसाला मी सोडवलं. सोडवताना दुसऱ्याला अडकवलं.

कळलं तो दिवस

महिनाभर बारीक ताप होता. हातापायावर काळेनिळे डाग पडत होते आणि जो विचारेल त्याला मी सांगायचो की आईनं धुतला. मग एका मित्राच्या हळदीत मी लिलाववाल्याची नक्कल करत असताना हिरड्यांतून रक्त आलं. माइकच्या जाळीवर लागलं. लोकांना वाटलं, पान खाल्ल्याची ॲक्टिंग आहे. लई हसले. मला आठवतंय, मीपण तसंच ओढून नेलं, पुकारा पूर्ण केला आणि मग मागं जाऊन थुंकलो तर तोंड भरून लाल.

संगमनेरच्या लॅबवाल्यानं रिपोर्ट माझ्या हातात दिला नाही. घरचं मोठं कुणीतरी आण म्हणाला. हा माणूस मला बघितलं की सरपंचाचा आवाज काढायला लावायचा, आणि त्या दिवशी तो माझ्याकडं बघत नव्हता. तिथंच निम्मं कळलं. उरलेलं निम्मं पुण्यात कळलं, दोन दिवसांनी, कमरेच्या हाडातून पाणी काढल्यावर.

पुण्याच्या डॉक्टर मॅडम हळू बोलणाऱ्या. वाक्याच्या आधी 'बघ हं' म्हणायच्या आणि पेनानं टेबलावर एकदा टकटक करायच्या. मला दहा मिनिटांत त्यांचा आवाज बसला. कॅन्सर झालाय हे ऐकताना माझं अर्धं डोकं त्यांचा 'बघ हं' पाठ करत होतं. आता सांगायला लाज वाटते, पण तेव्हा त्यानंच मला धरून ठेवलं.

मग त्यांनी विचारलं, घरात आधी कुणाला रक्ताचा आजार होता का.

दादा, म्हणजे माझे वडील, खुर्चीत पुढं सरकले. "माजा धाकटा भाऊ," ते म्हणाले. "एकोनीसचा हुता, गेला तवा. रक्त आटलं म्हनले लोकं."

मॅडमनी ते लिहून घेतलं. दादा त्या पेनाकडं बघत राहिले.

दादांचं काम सांगतो, म्हणजे त्यांचं डोकं कसं चालतं ते कळंल. पंचवीस वर्षं झाली, ते गावच्या दूध संकलन केंद्रावर दूध तपासायला आहेत. कॅनचं झाकण उघडून वास घेतला की सांगतात, हे कुणाच्या घरचं. कुणाच्या एका लिटरनं अख्खा कॅन नासला तर ते आधी नासलं कसं हे बघत नाहीत. आधी वतलं कुणी ते शोधतात आणि त्याला सगळ्यांसमोर झाकण हुंगायला लावतात. तर त्या दिवशी त्यांना सापडलं वतलं कुणी. त्यांनी स्वतःच.

त्यानंतर ते वॉर्डात आलेच नाहीत. पुण्याला यायचे, खाली लिंबाच्या झाडाखाली बसायचे, आईला वर पाठवायचे. विचारलं की म्हणायचे, एकालाच सोडतात ना वर.

वॉर्ड

सकाळी पाच वाजता रक्त न्यायला यायचे. मग नळीतून अँटिबायोटिक, मग उकडलेलं खाणं, मग मास्क लावून फिरणं, तेही बेड ते बाथरूम. काउंट, म्हणजे रक्तातल्या पेशींचा आकडा, हा शब्द तिथं देवासारखा. आज काउंट किती, एवढंच लोक एकमेकांना विचारायचे. कच्चं काही खायचं नाही. कोथिंबीर बंद. मी आईला म्हटलं, कॅन्सरचं एक वेळ चालंल, पण कोथिंबिरीशिवाय वरण म्हणजे शिक्षाच. ती हसली. तेव्हा हसायची.

माझ्या फुप्फुसात बुरशीचा संसर्ग निघाला, म्हणून कडक केमो झेपायची नाही म्हणाले. त्याऐवजी पोटाच्या कातडीखाली सात दिवस इंजेक्शनं आणि जोडीला गोळ्या. मग तीन आठवडे थांबायचं, पुन्हा सात दिवस. पोटावर लाल चट्टे उठायचे, हात लावला तरी झोंबायचे.

शेजारच्या बेडवर पारनेरकडचे एक रिटायर कंडक्टर काका होते. त्यांनाही तेच इंजेक्शन. ते मला भोंग्या म्हणायला दोन दिवसांत शिकले आणि रोज फर्माईश करायचे. मी त्यांच्या स्वतःच्या आवाजात 'पुढं सरका, मागं आख्खी गाडी मोकळी हाय' म्हणायचो तेव्हा ते उठून बसायचे आणि चुका काढायचे. बेल आधी मारायची का नंतर, ह्यावर आमचं तासभर भांडण झालं. सिस्टर दोघांना ओरडली. माझ्या वाट्याला जे चांगले दिवस आले त्यातला तो एक.

चिकटलेली पानं

दुसऱ्या आठवड्यात मॅडमनी मला आजार समजावून सांगितला. मीच विचारलं होतं. आई तेव्हा औषधं आणायला गेली होती, दादा खाली झाडाखाली, म्हणजे ऐकायला मी एकटाच. हे ध्यानात ठेवा.

त्या म्हणाल्या ते असं. प्रत्येक पेशीत एक जाडजूड वही असते, तिच्यात शरीराचं सगळं काम लिहिलेलं असतं. सगळ्या पेशींत वही एकच. पण कुठल्या पेशीनं कुठलं पान उघडायचं आणि कुठलं मिटून ठेवायचं हे त्या पानांवरच्या बारीक खुणा ठरवतात. पोरपेशीनं मोठं कसं व्हायचं, कामाला कसं लागायचं, हे ज्या पानांवर लिहिलंय त्यातली काही पानं तुझ्या रक्तात चिकटून बसलीत. बाकी बिघाडही आहेत, पण ह्या पानांवरचं अक्षर जागच्या जागी आहे, फक्त पान उघडत नाही. म्हणून पेशी मोठ्या होत नाहीत, नुसती गर्दी करतात. हे इंजेक्शन त्या खुणा सैल करतं.

मी म्हटलं, म्हणजे दहावीला बसलेली पोरं. पास होईनात आणि वर्ग सोडीनात. मॅडमना ते आवडलं.

मग मी विचारलं, खुणा पडतात कशानं. त्यांनी पेन टेबलावर वाजवलं. "बघ हं. बऱ्याच वेळा कारण सापडत नाही. वयाबरोबर पडतात, आणखीही कशानं पडत असतील. तुझ्या बाबतीत मला माहीत नाही."

त्यांच्या हाताखालच्या डॉक्टरनी एक कागद दिला. तपासणीच्या वेळी रक्ताची एक जादा नळी अभ्यासासाठी देशील का. इंजेक्शनच्या आधी कुठली पानं बंद होती आणि नंतर कुठली उघडली, ते लॅबमध्ये बघतात. तुला फायदा होईलच असं नाही, पुढच्या पेशंटला होईल, असं त्यांनी सरळ सांगितलं. मी सही केली. विचारलं, तुमच्या लॅबमध्ये माझ्या पेशींना माइक मिळंल का.

दुसरा कागद दादांसाठी होता. दादांच्या धाकट्या भावाची गोष्ट लिहून घेतली होती ना, म्हणून घराण्यातून काही येतंय का ते बघायला माझ्याबरोबर दादांचंही रक्त हवं होतं. पुढं माझं मॅरो, म्हणजे हाडातला रक्त बनवणारा मगज, बदलायची वेळ आली तर माझ्या बहिणीचं घ्यायचं की नाही, हेही त्यावरच ठरणार होतं.

दादा नाही म्हणाले. आज नको, पुढच्या खेपेला बघू, बीपी वाढलंय, उपाशी न्हाई आलो. तीन खेपा असंच. त्यांना रिपोर्ट नको होता. रिपोर्ट म्हणजे सगळ्यांसमोर झाकण हुंगणं.

नक्कल

मग मी ठरवलं, दादांना मॅडमकडून ऐकवायचं. मॅडमना वेळ नव्हता आणि दादा वर येत नव्हते. पण माझ्याकडं मॅडमचा आवाज होता.

ह्यात फसवाफसवी नव्हती. आमच्या गावात मी नक्कल करून सांगितलेलं टेपरेकॉर्डसारखं धरतात. ग्रामसभेत कोण काय बोललं ह्यावर वाद झाला की मला बोलावतात आणि मी दोघांच्या आवाजात म्हणून दाखवतो. दादांना माझं बाकी काही पटायचं नाही, पण नक्कल पटायची.

इंजेक्शनांच्या मधल्या सुट्टीत आम्ही घरी होतो. दुपारची वेळ होती. दादा ओट्यावर बसलेले, आई नळावर डबे घासत होती. मी म्हटलं, मॅडम काय म्हनल्या ते जसंच्या तसं सांगतो, मधी बोलू नका. आणि सुरू केलं. बघ हं, टकटक. वही, पानं, खुणा. दादा ऐकत होते. अक्षर जागच्या जागी आहे ह्या वाक्याला त्यांनी मान वर केली.

"मग खुना पडत्यात कशानं?" त्यांनी विचारलं.

आता इथं मॅडमचं खरं वाक्य होतं, मला माहीत नाही. पण नक्कल करणाऱ्याला एक खोड असते. आवाज रंगात आला की रिकामी जागा सोडवत नाही. माणूस काय बोलला असता ते आपोआप भरलं जातं. शिवाय मला दिसत होतं की 'माहीत नाही' म्हटलं तर दादा पुन्हा स्वतःकडंच बोट वळवणार. त्यांना हातात धरायला काहीतरी पाहिजे होतं, शेतातलं, ओळखीचं.

मी मॅडमच्या आवाजात म्हणालो, "बघ हं. घराण्यातून नाही येत हे. बाहेरून येतं. आता ही फवारणीची औषधं घ्या, आईच्या पोटात असल्यापासून लागतात पोराला."

इतकं हुबेहूब निघालं की मलाच कौतुक वाटलं.

दादा ओट्यावरून उठून उभे राहिले. मग म्हणाले, "घ्या म्हनावं रक्त. किती घ्याचं ते घ्या."

आईनं नळ बंद केला होता. मला वाटलं, नीट ऐकायला केला असंल.

टोमॅटो

त्या आठवड्यात आईनं पाठीवरचा फवारणीचा पंप भंगारवाल्याला देऊन टाकला. दादा चिडले, कारण टोमॅटोवर करपा दिसायला लागला होता. ती म्हणाली, फवारायचं न्हाई. दुसऱ्याचा पंप आणला तर तिनं तो बांधावरून परत पाठवला. प्लॉट पंधरा दिवसांत काळा पडला. आमच्या गावात टोमॅटो डोळ्यांसमोर जाऊ देणारी बाई कुणी पाहिली नव्हती. लोक म्हणाले, पोराच्या काळजीनं डोकं फिरलं. मीपण तेच म्हणालो. तिची नक्कल करून दाखवली एकाला, बांधावर हात पसरून उभी राहिलेली.

पुढच्या खेपेला हॉस्पिटलात ती माझ्या बेडवर बसेना. स्टुलावर बसायची, तेही पायथ्याशी. ताट ठेवायची आणि हात मागं घ्यायची. आधी ती माझं डोकं मांडीवर घेऊन टक्कल चोळायची. ते बंद झालं. वारंवार हात धुवायची. काउंट कमी असताना हात धुवायला सांगतातच, म्हणून मला त्यात काही दिसलं नाही. उलट सिस्टरला म्हटलं, बघा माझ्या आईची शिस्त.

त्याच खेपेला कंडक्टर काका गेले. सकाळी ताप चढला, त्यांना खालच्या आयसीयूत नेलं, संध्याकाळी त्यांच्या बायको पिशवी न्यायला आल्या. मला म्हणाल्या, यांचा आवाज काढतोस म्हनं तू. काढ की एकदा. मी तोंड उघडलं. आला नाही. त्यांनी थोडं थांबून पिशवी उचलली आणि मी त्यांना सॉरीसुद्धा म्हणालो नाही. दोघांना इंजेक्शन एकच, चट्टे सारखे. माझी पानं उघडली, त्यांची नाही उघडली. का, ते मॅडमनापण सांगता आलं नाही. अभ्यास चाललाय म्हणाल्या.

रिपोर्ट

चौथ्या खेपेनंतर माझ्या मॅरोमध्ये खराब पेशी दिसेनाशा झाल्या. ह्याला बरं झालो म्हणत नाहीत, आजार दबलाय म्हणतात. आणि घराण्याचा रिपोर्ट आला. आईवडिलांकडून आलेला कुठलाही बदल सापडला नाही, असं लिहिलं होतं.

घरी मी तो वाचून दाखवला. दादांनी कागद हातात घेतला, उलटा करून मागची कोरी बाजूपण बघितली, मग घडी घालून खिशात ठेवला आणि चपला घालून डेअरीवर गेले. सुट्टीचा दिवस होता त्यांचा. तिथं जाऊन ज्याला त्याला दाखवला म्हणे. वतलं आपण नव्हतं, हे आता सगळ्यांना माहीत पाहिजे होतं.

आई चुलीपाशी होती. म्हणाली, "आन फवारनीचं काय लिवलंय त्यात?"

मला आधी कळलंच नाही. मग तिनं सांगितलं. शांतपणे, भाकरी थापत. मी पोटात होतो, सातवा महिना होता. दादा सकाळी डेअरीवर, माणूस मिळत नव्हता, आणि टोमॅटोला उशीर करून चालणार नव्हता. तिनं पंधरा दिवस पाठीवर पंप घेऊन फवारलं. तोंडाला पदर. वारं अंगावर यायचं, लुगडं ओलं व्हायचं. "तेच लागलं तुला," ती म्हणाली. "डाक्टरीनबाईंनी सांगितलंच हुतं ना तवा."

मी म्हणालो, ते त्या न्हाई बोलल्या. ते म्या घातलं. दादांना रक्त देयाला लावायचं हुतं म्हनून.

तिनं भाकरी उलटली. "असू दे," म्हणाली. "मला बरं वाटावं म्हनून बोलतोस."

मी शपथ घेतली. तिची घेतली, माझी घेतली. ती ऐकून घेत होती, जसं मी लहानपणी खोटं बोलायचो तेव्हा ऐकून घ्यायची तसं. गावभर माझी नक्कल खरी धरतात आणि मी माझ्या आवाजात खरं सांगत होतो ते माझ्या आईला पटत नव्हतं.

हे वाचणाऱ्यांत कुणाच्या घरी नवा पेशंट असेल तर एवढं करा. हे कशानं झालं असं डॉक्टरांना विचाराल तेव्हा घरातल्या सगळ्यांना समोर बसवा. एकानं ऐकून दुसऱ्याला सांगायचं नाही. आणि उत्तर 'माहीत नाही' असेल तर ते तसंच घरी न्या. त्यात काही भरू नका. आपल्याला वाटतं आपण एकाशी बोलतोय, पण नळावर कुणीतरी असतं.

मॅडम

पुढच्या खेपेला मी आईला ओपीडीत आत घेऊन गेलो. आधी तिथंच सातव्या दिवसाचं शेवटचं इंजेक्शन घेतलं, मग मॅडमसमोर बसलो आणि सगळं सांगितलं. तुमच्या आवाजात मी असं असं बोललो. मॅडमनी पेन खाली ठेवलं. रागावल्या असणार, पण माझ्याकडं न बघता आईकडं वळल्या आणि म्हणाल्या, "ताई, मी हे बोलले नव्हते."

आईनं मान हलवली. मग विचारलं, "बोलला न्हाईत. पन फवारनीनं न्हाईच झालं, असं सांगता का?"

मी मॅडमकडं बघत होतो. एक शब्द पाहिजे होता. नाही. मी त्यांचा 'नाही' शंभर वेळा काढलाय, तो थोडा नाकातून येतो.

"एका माणसाच्या आजाराचं असं बोट ठेवून कारण दाखवता येत नाही," त्या म्हणाल्या. "झालं असं मी म्हणू शकत नाही. अजिबात नाही झालं, असंही म्हणू शकत नाही. कुणालाच सांगता येणार नाही हे. पण तुम्ही तेव्हा जे काम करत होता ते घरासाठी करत होता, आणि ह्यात तुमचा दोष आहे असं मी कधीच म्हणणार नाही."

आई म्हणाली, बरं. बाहेर आल्यावर नळावर हात धुतले.

परतीच्या एसटीत ती खिडकीशी बसली. नारायणगाव मागं पडलं, दोन्हीकडं टोमॅटोचे प्लॉट, बांबू रोवलेले, तारा ओढलेल्या. एका वावरात एक बाई पाठीवर पंप घेऊन चालली होती. आई मान वळवून मागं पडेपर्यंत तिच्याकडं बघत राहिली.

मी विचार करत होतो. मोबाईल खिशात होता. उद्या डेअरीवरून आईला फोन लावायचा, मॅडमचा आवाज काढायचा आणि तो एक शब्द बोलायचा. बघ हं, पुन्हा तपासलं, फवारणीचं काही नाही निघालं. जमलं असतं. पण आता आईनं तो आवाजपण ओळखला असता.

"बाई चांगल्या हायेत," आई म्हणाली. "खोटं न्हाई बोलल्या."

ब्रेक लागला तसा मी पुढं कलंडलो आणि पोटाला हात लावला. तिनं बघितलं. मग तिनं माझा हात बाजूला केला आणि स्वतःचा ठेवला, शर्टावरून, सकाळच्या सुईच्या जागेवर. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा.

"हितं दुकतंय का?"

न्हाई म्हणालो मी. दुखत होतं. तिला ते कळलं, हात थोडा हलका झाला तिचा. पण काढला नाही. संगमनेर येईपर्यंत तिथंच होता.